संपाच्या दिवशी लेकीचं विमान

कंपनीत त्याला सगळे मास्तर म्हणत. निम्मे वैमानिक त्याच्याच हाताखाली तयार झालेले, आणि संघटनेचा चिटणीसही तोच. स्वभाव एक घाव दोन तुकडे असा. कंपनीने लहान गावांची उड्डाणं बाहेरच्या ठेकेदाराला द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला आवाज त्यानेच उठवला. विमानांवर रंग कंपनीचा, तिकिटावर नावही कंपनीचं. चालवणारी माणसं मात्र ठेकेदाराची. ना रजेचा भरवसा, ना उद्याचा.

त्याच माणसांत त्याची लेक होती.

परवाना हातात घेऊन ती घरी बसून राहिली होती, कारण कंपनीने कायमची भरतीच बंद केली होती. ठेकेदाराने बोलावलं तेव्हा तिने बापाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मास्तरची अवस्था म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढे डोंगरावरच्या गावाचं उड्डाणही ठेकेदाराकडे जाणार असं ठरलं, तेव्हा संघटनेने संप पुकारला. तिथली धावपट्टी आखूड, वारा लहरी. नवख्या माणसाने तिथे जाऊ नये, असं मास्तर सभेत कळकळीने बोलला. टाळ्या पडल्या, सगळे हात वर झाले. पण संपाच्या दिवशी सकाळी विमानतळाच्या फाटकाशी जेमतेम मूठभर माणसं उभी होती. कुणाची आई आजारी पडली, कुणी फोनच उचलेना. खजिनदार लंबू फलक धरून म्हणाला, की सभेतले हात बहुधा पंख्याचा वारा घ्यायला वर गेले असावेत. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. मास्तर पहारेकऱ्याच्या खोलीमागे गेला.

"बाबा, मला डोंगरावर पाठवतायत. आत्ताच."

"नाही म्हण."

"नाही म्हटलेल्यांना पुढे उड्डाणं मिळत नाहीत. कॅप्टनही तिथे पहिल्यांदाच जातोय." ती थांबली. "मी नाही गेले तर दुसरी जाईल, बाबा. तिथे कसं उतरायचं हे विचारायला तिच्याकडे तुम्ही नसाल."

मास्तरने कपाळ भिंतीला टेकवलं. सांगावं तर स्वतःचा संप स्वतःच मोडायचा, न सांगावं तर पोटची पोर वाऱ्यावर सोडायची.

"धावपट्टीआधीची डोंगराची कड ओलांडली की विमान खाली ओढलं जाईल," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या वेळी पॉवर कमी करू देऊ नकोस. कडेपाशी जरा जरी वाकडं वाटलं, तर सरळ वर घ्यायचं आणि फिरून यायचं. कॅप्टन काही का म्हणेना."

"त्याला राग आला तर?"

"राग-लोभ जमिनीवर आल्यावर."

परत आल्यावर लंबूने कोणाचा फोन म्हणून विचारलं. घरचा, एवढंच मास्तर म्हणाला. थोड्या वेळाने विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं. बाकीच्यांनी शिव्या घातल्या. मास्तर विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला, आणि मग हातातल्या फोनकडे. शेवटी निरोप आला: पहिल्यांदा फिरून यावं लागलं, दुसऱ्यांदा नीट उतरलो.

संध्याकाळी कंपनीने जाहीर केलं की संपाचा काहीही परिणाम झालेला नाही, डोंगरावरचं विमानसुद्धा सुखरूप पोहोचलं. ते ऐकून उरलेसुरलेही कामावर गेले. कंपनीने संघटनेची खोली काढून घेतली, तिथे ठेकेदाराचे गणवेश ठेवायला लागले. मास्तर मान खाली घालून निवृत्तीपर्यंत उडत राहिला.

पुढे डोंगरावरची उड्डाणंच काय, सगळा ठेका आणखी स्वस्तातल्या दुसऱ्या ठेकेदाराला गेला. लेकीची नोकरी एका निरोपावर संपली. नवा ठेकेदार घेणार होता, पण अगदी पहिल्या पायरीपासून, जणू ती कधी उडालीच नव्हती. गणवेशातच ती स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आमच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, बाबा. कोणाकडे जायचं?"

मास्तरने फोन उचलला. लंबूला लावला. तो आता नव्या ठेकेदाराकडे शिकवायला होता; बोलला प्रेमाने, वहिनींचीही चौकशी केली, आणि आपलं नाव मात्र यात कुठे घेऊ नको म्हणाला. मास्तरने आणखी एक नंबर काढला, बघितला, आणि लावलाच नाही.

लेक वाट बघत होती. तिच्या आईने चहा पुढे ठेवला. मास्तर लेकीशेजारी बसला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांसाठी भांडलेल्या त्या माणसाने कप स्वतःच्या लेकीच्या आणखी जवळ सरकवला.

"चहा घे," तो म्हणाला.