कानबाईच्या दिवशीची जादा गोळी

अकरा वर्षं झाली, सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या मीच काढून देते. दर महिन्याला एसटीनं देवपूरच्या डॉक्टरांकडे नेणारीही मीच. माझा नवरा प्रेमराज एकदाही आला नाही. जाऊ दे, बोलून काय उपयोग!

खानदेशातली देवी कानबाई घरात बसायचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी रोट असतात, म्हणजे पुरणपोळ्या. संध्याकाळी नैवेद्य दाखवेपर्यंत आम्ही बाया तोंडात दाणा घालत नाही. मग मात्र भाऊबंदांनीच बसून सगळं संपवायचं, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. मी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आई, उपास आहे, सकाळची गोळी घ्यायची नाही." "हो गं बाई," म्हणाल्या.

दुपारी तीनला मी पुरण वाटत होते. सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या, घामानं निथळत. हात थरथरत होते आणि मला "प्रमिला" म्हणत होत्या. प्रमिला त्यांची बहीण, ती वारून सहा वर्षं झाली. गोळ्यांचं पाकीट बघितलं तर दोन गोळ्या कमी. संध्याकाळी चार पोळ्या खायच्या, म्हणून बाईंनी आधीच बंदोबस्त करून ठेवलेला!

"साखर वाढली," प्रेमराज गोळी काढत म्हणाला. "अजून एक देऊ."

"अहो, वाढली नाही, उतरलीय! ही गोळी जेवण झालं का बघत नाही. ती शरीराला इन्सुलिन सोडायलाच लावते, आणि ते रक्तातली साखर ओढून घेतं. पोटात काही नसलं की आहे ती साखरही संपते. मग डोकं बंद पडतं, माणूस जातो!"

"तू काय डॉक्टर लागून गेलीस?"

मी त्याचा हात झटकला. सासूबाईंना अजून गिळता येत होतं. गूळ पाण्यात कालवला आणि चमच्या-चमच्यानं पाजला.

"नैवेद्याआधी? कानबाई कोपेल!" चुलतसासू शेवंताबाई ओरडल्या.

"माझ्यावर कोपू दे."

पंधरा मिनिटांनी सासूबाईंची नजर थाऱ्यावर आली. "मना तोंडमा गूळ कोनी टाका?" मला रडूच फुटलं.

त्या गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरते, म्हणून गाडी करून धुळ्याला नेलं; वाटेत झालेलं सगळं त्यांना सांगितलं. सलाईन लावताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोण देतं यांना?"

"ही," प्रेमराजनं माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टर माझ्यावरच उखडले.

"तिले काय बोलतस?" खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "मी चोरीसन खादी. आनि हाऊ मना पोऱ्या तिसरी देत व्हता."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या बाजूनं बोलल्या. आनंद व्हायला हवा होता, पण अंगात तेवढंही बळ नव्हतं. मी खाटेच्या कडेला डोकं टेकलं.

"तू बी सकायपासून उपाशी शे," त्या म्हणाल्या. "जाय, काही खाई ले."

"आई, नैवेद्य झाला नाही अजून."

"व्हयी नंतर. तू आधी खाय."