चासीवरचा नंबर

सत्तर वर्षांपूर्वी इटलीतल्या एका कारखान्याने शर्यतीसाठी अशा सहाच गाड्या घडवल्या. पाचांचा पत्ता ठाऊक होता. सहावी विठ्ठलवाडीला गुणाजींच्या गॅरेजात दुरुस्तीला उभी आहे, असं माधवीचं म्हणणं. तिच्या वडिलांनी ती भंगारातून सोडवून वर्तकनगरला चाळीस वर्षं जपली. लोक नक्कल म्हणून हसले. वडील आता अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या कानावर निकाल पडावा, एवढंच तिला हवं होतं.

निकाल चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर होता. पुढच्या नळीवर कारखान्याने ठोकलेला चार आकडी नंबर. तो तपासायला अनिश नावाचा जाणकार अकराला येणार होता.

साडेदहाला गुणाजी नंबर शोधायला वाकले, तर नळीवर नंबर नव्हताच. गेल्या आठवड्यात खंडेनवमी झाली. हत्यारांबरोबर कामावरची गाडीही पूजेला लागते, आणि पूजेला खडबडीत काही ठेवायचं नाही हा त्यांचा नियम. गंजाखालच्या वेड्यावाकड्या खुणा त्यांना कुणाचं तरी गचाळ काम वाटल्या. त्यांनीच कानस मारून नळी गुळगुळीत केली होती.

भागीदार राघो आकडे ठोकायच्या पंचांचा डबा घेऊन आला. नंबर माधवीच्या वडिलांच्या कागदांत होताच.

"खराच नंबर ठोकतोयस ना रे? मग खोटं काय त्यात?" राघो म्हणाला.

गुणाजींनी पंच टेकवला, हातोडी उचलली. बाहेर रिक्षा थांबली. माधवी आणि अनिश आत आले तरी हातोडी वरच होती.

"ताई, नंबर मी घासून काढला."

माधवी स्टुलावर बसली. अनिशने एकच विचारलं, वरून ठोका मारलात का? नाही म्हटल्यावर त्याने बॅग उघडली. ठोक्याने खालचं लोखंडही दबतं, त्याने समजावलं; वरचा थर गेला तरी दबलेल्या जागी ॲसिड वेगळं चढतं आणि आकडा दिसतो. दुसरा ठोका बसला असता तर तेही गेलं असतं.

ॲसिडचा बोळा फिरला. बराच वेळ काहीच नाही. राघोच्या तळहातावर मळलेली तंबाखू तशीच. मग करडा शून्य. सात. चार. चौथा आकडा आलाच नाही.

आकड्यांच्या वळणावरून ठोका कारखान्याचाच होता, आणि हे पहिले तीन आकडे त्या सहाच गाड्यांना होते. बाकी पाचांचे नंबर आपापल्या जागी शाबूत, म्हणजे ही सहावी.

"तसं अहवालात लिहीन," अनिश म्हणाला, "पण शेवटचा आकडा कुणी घासला, तेही लिहावं लागेल, काका. नावानिशी."

जुन्या गाड्यांचे सगळे मालक ते वाचणार. राघोने मान हलवून नको म्हटलं.

"गुणाजी सीताराम, विठ्ठलवाडी," गुणाजी म्हणाले. "लिहा."

माधवी दारात उभी राहून फोनवर जोरात सांगत होती, कारण पलीकडे कमी ऐकू येत होतं, "बाबा, सहावीच आहे."