दर अर्ध्या तासाने एक निरोप

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून बावीस वर्षं माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? त्याच्या कामात एक मोठं सुख होतं. समोरून कोणी उलट बोलत नसे. गाडी दीड तास उशिरा येणार म्हटलं की येणार. खाली फलाटावर लोक काय शिव्या घालायच्या त्या घालोत, काचेतून वर काही ऐकू येत नसे.

घरीही तो तसाच बोले. "आज जेवण आठ वाजता होईल," असं तो आईला सांगे, जेवण तिनेच केलेलं असलं तरी.

त्या सोमवारी मात्र बोलणारे डॉक्टर होते आणि ऐकणारा हा. आईचा आवाज दोन महिने बसलेला होता. घशात जे वाढलं होतं ते काढायलाच हवं होतं, आणि त्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार होती. शुक्रवारी दुपारी चारला दाखल व्हायचं, शनिवारी सकाळी ऑपरेशन.

"म्हणजे नंतर..." भोंग्याने विचारलं.

"नंतर त्यांना बोलता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आत्तापासून पाटीवर लिहायची सवय करू द्या."

त्याने वाटेतच एक पाटी घेतली. आईने ती उलटसुलट करून पाहिली आणि कपाटावर पालथी टाकली. मग घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ओढत म्हणाली, "आवाज आहे तोवर मला माझ्या पोरीशी बोलायचंय. तिला बोलव. नाहीतर निदान फोनवर तरी आण."

पोरगी म्हणजे भोंग्याची थोरली बहीण, ताई. ताईला चार वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं होतं ते त्यानेच. म्हणजे हाताला धरून नव्हे. परगावच्या एका छापखान्यातून तिला मुद्रितं तपासायची नोकरी आली होती आणि याने तिला न विचारता, तिच्या नावाने, "येऊ शकत नाही" असं पत्र पाठवून दिलं होतं. वर रात्रीच्या जेवणाला तसं जाहीरही केलं, अगदी एखादी गाडी रद्द झाल्यासारखं. ताईने ताटावरून उठून पिशवी भरली. दारात म्हणाली, "या घरात एकच माणूस बोलतो. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं." त्यानंतर तिची खोली बदलली, पत्रं परत आली, आणि पत्ता लागेना.

एकच धागा होता. गावातले चष्मेवाले काका दुकानाच्या मागच्या खोलीत एक बुलेटिन बोर्ड चालवत. एक जुना कॉम्प्युटर, एक मोडेम, टेलिफोनची एक लाइन. आपल्या कॉम्प्युटरवरून तो नंबर लावायचा, लागला की लोकांनी टाकलेले निरोप वाचायचे, आपले टाकायचे, फोन ठेवायचा. एका वेळी एकच माणूस आत. पुस्तकं, बुद्धिबळ, बागकाम असे आठ विभाग. खासगी टपालाची सोय नव्हती, जे काय असेल ते चारचौघांत. ताईला त्याचा भारी नाद. घरच्या फोनलाच जोडलेला मोडेम तिनेच आणलेला आणि जाताना मागे ठेवलेला. बोर्डावर तिचं नाव पेन्सिल, आणि काका म्हणत की पेन्सिल अजूनही अधूनमधून डोकावते.

"मग तिचा नंबर द्या की!" भोंगा म्हणाला होता.

"माझ्याकडे नाही. इथे कोणाचं नावगाव विचारायचं नाही हा माझा नियम. निरोप टाक. ती वाचेल तेव्हा वाचेल."

सोमवारी संध्याकाळी भोंग्याने दोन बोटांनी टाइप करून निरोप टाकला: "पेन्सिल यांस सूचना. आईचं घशाचं ऑपरेशन शनिवारी. नंतर आवाज राहणार नाही. शुक्रवारी तीनच्या आत घरी फोन करावा. नंबर तोच." आपल्या बहिणीला लिहितानाही त्याला सूचनाच सुचली.

मंगळवारी सकाळी पाहिलं, उत्तर नाही. निरोप वाचलाच गेला नसेल तर? बागकामवाल्यांच्या गुलाबांखाली गाडला गेला असेल तर? फलाटावर तो एक सूचना कधी एकदा देत नसे, तीनदा देई. इथेही तेच करायला हवं होतं, पण याला साडेआठला कामावर जायचं होतं. बोर्डावरच ठेवलेल्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये त्याला 'पोस्टमन' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सापडला. निरोप एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा, किती वेळाने टाकायचा ते सांगायचं, की पोस्टमन स्वतःच नंबर फिरवतो, आठही विभागांत निरोप टाकतो आणि फोन ठेवतो. लाइन एंगेज असली तर लागेपर्यंत फिरवत राहतो.

भोंग्याला तो प्रोग्रॅम मनापासून आवडला. त्याने दर अर्ध्या तासाची वेळ लावली आणि छाती फुगवून कामावर गेला.

त्याचा मोडेम म्हणजे गोगलगाय. आठ विभागांत निरोप टाकायला वीस मिनिटं लागत. त्यात बोर्ड एंगेज असला तर नुसती फिरवाफिरवी. पण हा हिशेब करायला घरी होतं कोण? आई होती, आणि तिचं ऐकतं कोण?

"अरे, ते यंत्र दिवसभर किंचाळतंय," मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली. "आणि फोन आज एकदाही वाजला नाही."

"वाजेल, आई. मशीन आपलं काम करतंय."

"बोळातल्या काकू म्हणाल्या, त्यांनी लावला तर..."

"तू बोलू नकोस गं. घशाला ताण देऊ नकोस." असं म्हणून त्याने तिच्या हातात पाटी दिली. तिने ती परत कपाटावर टाकली.

बुधवारी कामावर त्याचं लक्ष लागेना. पाच नंबरच्या फलाटाची गाडी त्याने दोनवर लावली आणि चाळीस माणसं बोचकी घेऊन पळाली. संध्याकाळी घरी येऊन बूटही न काढता त्याने बोर्ड लावला. पुस्तकांचा विभाग उघडला. वर त्याचाच निरोप, खाली त्याचाच निरोप, त्याखालीही तोच. पार तळापर्यंत "पेन्सिल यांस सूचना." मध्ये कुण्या एकाने लिहिलं होतं, "अहो, कळलं! बस करा!"

भोंग्याचं डोकं फिरलं. "बघ," तो आईला म्हणाला, "कळलं म्हणे! कळलं तर शोधा ना तिला! इथे एका बाईचा आवाज जातोय आणि यांना गुलाबाची पडलीय. आणि आपली ही! वाचत असेल, नक्की वाचत असेल. मुद्दाम गप्प बसलीय. चार वर्षं झाली तरी पीळ जात नाही."

"तशी नाहीये ती," आई म्हणाली.

"मग फोन का करत नाही?"

आईने काहीतरी उत्तर दिलं, पण तोपर्यंत त्याने पोस्टमनची वेळ अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आणली होती आणि मोडेम पुन्हा किंचाळायला लागला होता. वीस मिनिटांचं काम दर दहा मिनिटांनी म्हणजे आता फोन खाली ठेवला न ठेवला तोच परत वर. हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. राग डोक्यात असला की साधी बेरीजही जमत नाही माणसाला.

गुरुवार तसाच गेला. त्याला बोर्ड उघडून बघायचीही इच्छा उरली नाही. आईने लुगड्यांची घडी घालून पिशवी भरली आणि दिवसभर फोनशेजारच्या खुर्चीत बसून राहिली. घसा दुखत होता म्हणून ती फारसं बोललीच नाही. एवढासा उरलेला आवाज, तोही ती राखून ठेवत होती. ते पाहून भोंग्याला बहिणीचा इतका संताप आला की त्याने निरोपात एक वाक्य वाढवलं: "थोडी तरी लाज असेल तर फोन करावा."

शुक्रवारी तो रजेवर होता. तीनला निघायचं होतं. पावणेदोनला दारावर थापा पडल्या. चष्मेवाले काका घामाघूम होऊन उभे होते, काखेत कागदाचा हा एवढा गठ्ठा.

"तुझा फोन आहे की शोभेची वस्तू?" ते दारातूनच ओरडले. "सकाळपासून लावतोय! दुकान बंद करून यावं लागलं मला!"

"काका, आत्ता तुमचं भांडण नको, आईला..."

"गप्प बस. एकदा तरी गप्प बस." काकांनी गठ्ठा टेबलावर आपटला. "माझा डिस्कवर विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे. बोर्डावर आलेलं सगळं माझा प्रिंटर छापून ठेवतो. दोन रिमा कागद तू खाल्लास! आज सकाळी कागद संपला, प्रिंटर ओरडला, म्हणून मी मागे जाऊन पाहिलं. माझ्या बोर्डाला जागा किती? एका विभागात शेवटचे वीस निरोप. एकविसावा आला की पहिला पुसला जातो. आणि तू काय करत होतास चार दिवस?"

गठ्ठ्यात तीन ठिकाणी चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. भोंग्याने पहिलं पान उघडलं. वर-खाली त्याचंच "पेन्सिल यांस सूचना," आणि मधोमध, काकांनी लाल शाईने चौकट केलेल्या चार ओळी.

मंगळवार, संध्याकाळ. "निरोप वाचला. तीनदा फोन लावला, एंगेज आहे. आईला सांग, परत लावते."

बुधवार, सकाळ. "काल रात्रीपर्यंत लावत होते. एंगेज. आज सकाळीही तेच. हा माझ्या ऑफिसचा नंबर घे. रोज तीनपर्यंत असते. तू लाव. रजा मिळत नाहीये, नाहीतर आलेच असते."

गुरुवार, सकाळ. "नंबर देऊन एक दिवस झाला. तुझा फोन नाही, तोच निरोप मात्र परत परत येतोय. माझं लिहिलेलं पुसलं गेलंय, कशाने ते तूच बघ. तुला उत्तर हवंय की नुसतं सांगायचंय? आईला मला खरंच बोलवायचंय का, की हेही तूच तिच्या नावाने लिहितोयस?"

भोंगा ते पान घेऊन खाली बसला. ते शेवटचं वाक्य त्याने परत वाचलं. तिला तसं वाटण्यात काहीच चूक नव्हती, आणि हेच त्याला सहन होईना. तिच्या तिन्ही निरोपांवर त्याने स्वतःच्या हाताने बोळा फिरवला होता, आणि वर तिचीच लाज काढली होती.

"बसलास काय? लाव!" काका म्हणाले.

त्याने रिसीव्हर उचलला. कानात मोडेमची किंकाळी घुसली. पोस्टमन आपलं काम करत होता. भोंग्याने मोडेमची वायर भिंतीतून उपटली आणि ऑफिसचा नंबर फिरवला.

एंगेज.

परत फिरवला. एंगेज. परत. दोन वाजून गेले, सव्वादोन झाले. तो आकडे फिरवत होता, ठेवत होता, लगेच उचलत होता. "तीनला जाईल ती," तो बडबडत होता. "कोण एवढं बोलतंय त्या ऑफिसात? माणसांना काही काळवेळ? ठेवा ना फोन! ठेवा!"

"अरे, जरा थांब," आई म्हणाली.

"थांबून कसं चालेल आई, तीनला..."

"थांब म्हणते ना." पण तो आवाज फिरत्या डायलच्या खरखरीतही बुडाला.

आई खुर्चीतून उठली. कपाटावरची पाटी तिने काढली, पदराने पुसली, आणि पहिल्यांदाच तिच्यावर काहीतरी लिहिलं. मग ती पाटी तिने त्याच्या डोळ्यांसमोर, डायलच्या आणि त्याच्या मध्ये धरली.

"खाली ठेव. ती तुलाच लावत असेल."

भोंगा त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. हात परत उचलायला निघाला तेव्हा त्याने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर दाबून ठेवला. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. भोंग्याच्या घशापर्यंत शब्द आले होते, माफीचे, रागाचे, कसलेही, आणि त्याने ते तसेच गिळले. अशी चार मिनिटं त्याने आजवर कधी काढली नव्हती.

फोन वाजला.

तो अर्धवट उठला आणि परत बसला. आईने रिसीव्हर उचलला. पलीकडून ताईचा आवाज एका दमात इतका भरभर आला की तो काकांनाही ऐकू गेला. आईने तो संपू दिला नाही.

"आता तू गप्प बस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आज मी बोलणार आहे आणि तू ऐकायचं. उद्यापासून तुझीच पाळी."

भोंग्याने कॉम्प्युटर बंद केला आणि पिशवी उचलून दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला.