ओढणीआडची चाल

अकिनाडेने लांबलचक लोटांगण घातलं खरं, पण ते सासूच्या नव्हे, सासूच्या बहिणीच्या पायांवर!

नायजेरियातल्या इबादान शहरातल्या त्या मांडवात वधूकडच्या साऱ्या बायकांची एकाच ताग्यातली निळी वस्त्रं, डोईला तसेच ताठ निळे फेटे. घरच्या कार्याची रीतच ती.

"काय हो जावईबापू, मुलीची आई बदलली का?" कार्य चालवणारी गाणारीण इयाबो कडाडली. मांडव खो खो हसला. खरी सासू तेवढी हसली नाही.

अकिनाडेची नजर ठणठणीत होती. त्याला नाक दिसे, ओठ दिसत, गालावरचा तीळही दिसे; पण ते सारे मणी ओवून 'ही अमकी' म्हणणारा दोरा त्याच्या मेंदूत नव्हता. जन्माचंच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो माणसं ओळखायचा ती चालीवरून, आवाजावरून. हे ठाऊक होतं एकट्या मोरेनिकेला, त्याच्या नवरीला. सासरी सांगायचा धीर काही झाला नव्हता.

आणि पुढची रीत होती, ओढणीआड एकेक करून येणाऱ्या मुलींतून आपली नवरी ओळखायची!

"आई चुकली, ते चालवून घेतलं," सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पोर चुकली, तर ती माझ्याच घरी राहील."

 देवा, लाज राख रे बाबा!

ढोल घुमला. पहिली नवरी आली. डोक्यापासून कमरेपर्यंत दाट ओढणी.

"हीच! उंची बघ ना!" मित्र ओरडले.

अकिनाडे बघतच राहिला. आज सारा मांडव त्याच्यासारखा झाला होता. चेहरा कुणालाच दिसत नव्हता. या मुलखात तर तो जन्मापासून राहत होता!

"ही नव्हे," तो म्हणाला. "ही पाय घासते."

दुसरी ठुमकत आली.

"हीही नव्हे. हिचे खांदे फार उडतात."

"अहो, नवरी न्यायला आलात की चाल बघून गाय घ्यायला?" इयाबोने हात जोडले. "तिकडे भात निवतोय!"

तिसरी आली ती ठेक्याच्या किंचित मागून पाऊल टाकत. चर्चमधल्या भजनात सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या की एक टाळी मागाहून पडायची, पाळकसुद्धा हसायचे. ती टाळी मोरेनिकेची.

"देवाची कृपा! हीच ती!" अकिनाडेने आनंदाने उडीच मारली.

ओढणी उचलली गेली. आतून हसू फुटलं, ते त्याने डोळे मिटूनही ओळखलं असतं.

मोरेनिकेने तिथल्या तिथे आईला सारं सांगून टाकलं. सासूने ते ऐकून घेतलं. मग उठली, बहिणींच्या निळ्या घोळक्यात जाऊन उभी राहिली आणि मांडव दणाणेल असं खाकरली.

"मी इकडे आहे हो, जावईबापू! आता या!"

अकिनाडे धावत गेला आणि नेमक्या पायांवर आडवा झाला.

"पण आधीचं लोटांगण मी परत देणार नाही हं!" तिची बहीण म्हणाली, आणि ढोलवाल्याने पुन्हा ठेका धरला.