शेजारची पुडी

रविवारच्या सराव परीक्षेचे गुण सोमवारी दुपारी पालकांच्या मोबाइलवर येतात, हे लातुरात कोणाला सांगावं लागत नाही. त्या दुपारी कितीतरी घरांत वाढलेली ताटं तशीच निवतात. आधी आपल्या लेकराचे गुण बघायचे आणि मग शेजारच्याच्या लेकराचे. खरं सांगायचं तर वाचकहो, पहिल्या आकड्यापेक्षा दुसराच आकडा जास्त टोचतो!

शिल्पाचंही तसंच होई. ती कृषी महाविद्यालयात पिकांच्या पोषणावर संशोधन करायची. जस्त, लोह, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं पिकाला किती द्यावीत आणि कधी द्यावीत, हा तिचा विषय. नवरा भागवत अर्धापूरला केळीची बाग बघायचा. लेक शिवांगी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करत होती, म्हणून मायलेकी लातुरात फ्लॅट भाड्यानं घेऊन राहत होत्या.

समोरच्या दारात मनिषाताई राहायच्या. त्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. दिवसभर खोलीत बसून अभ्यास करणाऱ्या मुलींमध्ये ड जीवनसत्त्व किती कमी असतं आणि पूरक औषधानं त्यांना खरंच फरक पडतो का, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांची मुलगी यशोधरा आणि शिवांगी एकाच क्लासला, एकाच बाकावर बसायच्या. दोघींची मैत्रीही घट्ट.

पण यशोधराचे गुण दर सोमवारी शिवांगीपेक्षा जास्त असत.

सुरुवातीला शिल्पानं ते हसून सोडून दिलं. पुढे हसू ओठांवरच राहिलं. मनिषाताईंचं सगळंच तिला खुपायला लागलं. त्यांची जगण्यातली शिस्त, वर्तमानपत्रात त्यांच्या संशोधनाबद्दल छापून आलेलं, त्यांचे यजमान धम्मानंद सकाळी यशोधराला स्कूटरवरून क्लासला सोडायचे तेसुद्धा. शिल्पा तापानं झोपली होती तेव्हा मनिषाताईंनी दोन्ही वेळचा डबा पाठवला. ‘मोठेपणा दाखवायला बरं जमतं,’ असं मनात म्हणत शिल्पानं तो खाल्ला.

एका रविवारी यशोधरा अभ्यासाला आली. दूध घेताना तिनं दप्तरातून एक पुडी काढली आणि दुधात ढवळली.

"हे काय गं?" शिल्पानं सहज विचारल्यासारखं केलं.

"मम्मीनं दिलंय काकू, ड जीवनसत्त्वाचं. आठवड्याला एक."

शिल्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असं आहे होय! स्वतः संशोधन करायचं, औषध स्वतःच्या मुलीला द्यायचं आणि शेजारणीला कानोकान खबर लागू द्यायची नाही!

समोरचं दार वाजवून "ताई, हे कशासाठी?" एवढं विचारलं असतं तर सगळं कळलं असतं. यशोधराच्या रक्तात ते जीवनसत्त्व फार कमी निघालं होतं, म्हणून डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांपुरतं लिहून दिलं होतं. पण विचारायचं म्हणजे आपण मागे आहोत हे कबूल करायचं. शिल्पानं रिकामी पुडी उचलली, नाव वाचलं आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानातून तसल्याच पुड्यांचं खोकं आणलं. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या.

"रोज एक घ्यायची," ती शिवांगीला म्हणाली.

"रोज? यशोधरा तर आठवड्याला एकच..."

"तिचं तिच्यापाशी. आपल्याला मागची कसर भरून काढायची आहे. आणि हे बघ, तिला बोलायचं नाही."

गंमत अशी की त्याच आठवड्यात भागवतचा फोन आला. "अगं, त्या बांधाशेजारच्या ग्यानोबाचे घड लई वजनदार निघाले. आपन बी बोरॉन सोडावं म्हन्तो. त्याच्या दुप्पट."

"आधी माती तपासली का?" शिल्पा कडाडली. "बोरॉन कमी पडलं तरी नुकसान, जास्त झालं तरी पानं कडेनं करपतात. ग्यानोबाच्या रानाला लागतं म्हणून आपल्या रानाला लागेल असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"बरं बाई, न्हाई सोडत," म्हणून भागवतनं फोन ठेवला. त्याच हातानं शिल्पानं दुधात पुडी ढवळली.

पुढच्या परीक्षेत शिवांगीचे गुण थोडे वाढले. पेपरच त्या वेळी सोपा होता, साऱ्या वर्गाचे गुण वाढले होते. पण मत्सराला पुरावा हवाच असतो, तो मिळाला! ‘एका कुंडीवरून निष्कर्ष काढू नका’ असं विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या शिल्पानं एका पेपरवरून निष्कर्ष काढला आणि दुसरं खोकं आणलं. पाठोपाठ तिसरंही.

हळूहळू शिवांगीची तब्येत बिघडत गेली. अन्न जाईना. सारखी तहान लागे, सारखं लघवीला जावं लागे. पोट साफ होईना, उलट्या सुरू झाल्या. क्लासमध्ये डोळे मिटायला लागले. "परीक्षेचं टेन्शन आहे," म्हणून शिल्पा तिला समजावत राहिली. एका दुपारी क्लासच्या जिन्यातच पोरगी मटकन बसली. यशोधरानं आईला फोन केला, मनिषाताई रिक्षा घेऊन धावल्या आणि शिल्पा दवाखान्यात पोचेपर्यंत शिवांगीला सलाईन लागलं होतं.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा भागवतही अर्धापूरहून येऊन पोचला होता. डॉ. शिवकुमार गंभीर होते. "कॅल्शियम खूप वाढलंय. मूत्रपिंडावरही ताण दिसतोय. ड जीवनसत्त्वाची तपासणी बाहेर पाठवलीय, ती यायला वेळ लागेल. मुलीला काही औषधं, टॉनिक, पुड्या, असं काही देता का?"

मनिषाताई तिथेच उभ्या होत्या. शिल्पानं त्यांच्याकडे पाहिलं. सांगावं तर या बाईसमोर? हिच्या मुलीची रिकामी पुडी चोरून उचलली, असं कबूल करावं?

"नाही," ती म्हणाली. "घरचं जेवण, दूध. बाकी काही नाही."

"मग मानेतल्या ग्रंथींचा विचार करावा लागेल. त्या बिघडल्या तरी कॅल्शियम असंच वाढतं. हैदराबादला न्यावं लागेल. कदाचित ऑपरेशनही."

भागवत भिंतीला टेकला. मनिषाताईंनी शिल्पाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "शिल्पा, काही असेल तर सांगा. जास्तीच्या औषधानं मुलींना असं होताना मी पाहिलंय."

"तुमचं काय जातं!" शिल्पा फणकारली. "तुमची मुलगी आहे ना पहिली? मग माझ्या मुलीची उठाठेव कशाला?"

मनिषाताईंचा चेहरा उतरला. पण त्या गेल्या नाहीत.

डॉक्टर शिवांगीच्या खाटेजवळ बसले. "बाळ, आईला माहीत नसताना काही घेतलंस का तू? मैत्रिणींनी दिलेलं, कशाचंही?"

शिवांगीनं आईकडे पाहिलं. ओठ कोरडे पडले होते, डोळे खोल गेले होते. मग मान हलवून म्हणाली, "नाही सर. काहीच नाही."

शिल्पाला कळून चुकलं. पोरगी खोटं बोलत होती, आणि तेही आईची लाज राखायला! दुसऱ्या गावी न्यायला, अंगावर शस्त्र चालवून घ्यायलाही ती तयार होती, पण आईला उघडं पाडायला तयार नव्हती. जिला पुढे काढायचं म्हणून एवढा आटापिटा केला, तिलाच आपण कुठे आणून ठेवलं!

"डॉक्टर, थांबा!" शिल्पा ओरडलीच. "मी दिलंय. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या. आठवड्याला एक घ्यायची असते, मी रोज दिली. तीन खोकी संपली. वर कॅल्शियमही दिलं."

डॉक्टरांनी लगेच कागदावर लिहून घेतलं. "आत्ता सांगितलंत ते फार बरं केलंत. सगळं ताबडतोब बंद. दूधही बंद. इथंच उपचार होतील, हैदराबादचं सध्या राहू द्या."

भागवत शिल्पासमोर येऊन उभा राहिला. "मला रानाचं सांगत व्हतीस, माती तपासल्याबिगर चिमूटभर सोडू नगा म्हून. अन् पोरीला न तपासता देऊन राहिलीस? केळीपरीस पोरगी सस्ती झाली का गं?"

शिल्पा बाकावर बसून ढसाढसा रडली. मनिषाताई शेजारी येऊन बसल्या.

"मला वाटलं यशोधरा त्यानंच हुशार झाली," शिल्पा हुंदके देत म्हणाली.

"औषधानं कोणी हुशार होत नाही हो," मनिषाताई म्हणाल्या. "कमतरता असेल तर ती भरून निघते, एवढंच. माझ्या अभ्यासातही तेच दिसून राहिलंय. ज्या मुलींना कमी होतं, त्यांचा थकवा गेला, हाडं दुखायची थांबली. ज्यांना पुरेसं होतं, त्यांना जास्तीच्या पुडीनं काही मिळालं नाही. आणि हे पाण्यात विरघळून निघून जाणारं जीवनसत्त्व नव्हे, ते अंगात साठत जातं. तुम्हाला हे मी काय सांगावं? पिकांच्या बाबतीत तुम्हीच सांगत असता."

"माहीत होतं ताई. सगळं माहीत होतं. पण तुमच्या दाराकडे बघताना माझं शिक्षण कामी आलं नाही."

शिवांगीला घरी यायला बरेच दिवस लागले. मूत्रपिंड सावरलं, भूक परतली, पण अभ्यास मागे पडला. यशोधरानं रोज येऊन तिला राहिलेले धडे समजावले. पुन्हा सोमवार आला, गुण आले. यशोधरा पुढे होती, शिवांगी बरीच मागे.

शिल्पाच्या मनात ती जुनी कळ उठली. उठायचीच ती! पण या वेळी तिनं दाराआड बसून ती कुरवाळली नाही. ती उठली, समोरचं दार वाजवलं आणि मनिषाताई दिसताच म्हणाली, "यशोधराचं अभिनंदन. आणि ताई, स्पष्टच सांगते, मला हेवा वाटला."

मनिषाताई हसल्या. "या आत. मलाही वाटतो. तुमची शिवांगी घरभर बोलत असते. आमची यशोधरा गुण तेवढे आणते, माझ्याशी मात्र चार शब्द बोलत नाही. तिला बोलतं कसं करावं, हे मी तुम्हाला किती दिवसांपासून विचारीन म्हणत होते."

दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या.

मित्रहो, रक्त तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकरांना ताकदीची पुडी देऊ नका. शेजारच्या मुलाची गरज ही आपल्या मुलाची गरज नसते. आणि मत्सर वाटलाच, तर तो पोटात साठवू नका. समोरचं दार वाजवा आणि विचारा. विचारण्यानं आपण लहान होत नाही. न विचारल्याचं मोल मात्र आपलं लेकरू मोजतं.