एक जानेवारीच्या आजी आणि मी, वगळ्या

मित्रांनो, मला हात लावून बघायला जाल तर हाताला काहीच लागणार नाही. मी खुर्ची नाही, छत्री नाही, घड्याळही नाही. मी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधलं एक जुनं, लहानसं फंक्शन आहे. माझं काम एकच, वगळायचं. म्हणून मला घडवणाऱ्या ताईंनी माझं नाव ठेवलं वगळ्या. लाडाचं नाव आहे हो, हसू नका.

माझा जन्म डोळ्यांच्या एका दवाखान्यात, मागच्या अरुंद खोलीत झाला. तिथला जुना कॉम्प्युटर थकला होता आणि पेशंटांची सगळी माहिती नव्यात न्यायची होती. घर बदलताना कपाटं रिकामी करतात ना, तसा सगळा डेटाबेस एका लांबलचक फाइलमध्ये उतरवला जायचा, एका ओळीत एक पेशंट. प्रोग्रॅम एकेक ओळ वाचायचा आणि मला विचारायचा, "घेऊ की वगळू?" एकाच माणसाची चुकून दोनदा नोंद झाली असेल, तर त्यातली एक मी वगळायचो. मशीन नीट चालतंय का ते बघायला इंजिनिअर मंडळींनी घातलेले खोटे पेशंटही वगळायचो. "आमच्या वगळ्याच्या नजरेतून खडा सुटत नाही," ताई सगळ्यांना सांगायच्या. तेव्हा मला अगदी मूठभर मांस चढायचं.

खोलीला लागूनच नोंदणीची खिडकी होती. तिथे बसणाऱ्या काकांचं बोलणं दारातून ऐकू यायचं, आणि तिथेच माझी एका आजींशी ओळख झाली. एकतर्फी ओळख, पण मला त्या फार आवडायच्या. आजी गोधड्या शिवायच्या. दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलं होतं. कुणी दान केलेलं बुबुळ मिळालं, की त्यांचं ऑपरेशन होणार होतं. पण त्यासाठी मोठी रांग होती, आणि ती रांग कॉम्प्युटरमधल्या नोंदींप्रमाणेच पुढे सरकायची.

"शाळेत जाण्याआधी नात मला सुया ओवून ठेवते," आजी काकांना सांगायच्या. "त्या संपल्या की दुपारभर हातावर हात धरून बसायचं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन म्हणतात. मला बाबा एकच पुरे, पण माझा नंबर चुकवू नका."

"नंबर जवळ आलाय आजी. फोन नंबर तरी देऊन ठेवा."

"फोन कशाला? मी येतेच की दर महिन्याला तुमचं डोकं खायला!"

आजींना जन्मतारीखही ठाऊक नव्हती. अशांसाठी काकांची एक ठरलेली रीत होती, सरळ एक जानेवारी टाकायची. त्यामुळे आमच्या दवाखान्यात निम्मी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मलेली होती.

पुढे ताईंच्या हाताखाली एक नवा इंजिनिअर आला. हुशार, पण सदा घोड्यावर बसलेला, म्हणून सगळे त्याला वावटळ म्हणायचे. त्याला दिसलं, की खोट्या पेशंटांची जन्मतारीख एक जानेवारी असते आणि फोनची जागा रिकामी. खोट्या माणसासाठी जास्त टायपिंग कोण करणार? त्याने माझ्यात एक ओळ घातली. तारीख एक जानेवारी आणि फोन रिकामा असेल, तर वगळ.

"झालं! एका फटक्यात सगळा कचरा साफ," तो म्हणाला.

मला लगेच आजी आठवल्या. पण मला तोंड कुठे आहे? सांगतील तेवढं करायचं. आधी चाचणी सुरू झाली. आजींची ओळ आली. तारीख एक जानेवारी, फोन रिकामा. मी म्हणालो, "वगळ." मित्रांनो, त्या वेळी मला रडू येत असतं तर मी रडलो असतो. जुना कॉम्प्युटर लवकरच भंगारात जाणार होता. आजी दर महिन्याला येऊन नंबर विचारणार, आणि रांगेत त्यांचं नावच नसणार!

पण माहिती खरोखर नव्या कॉम्प्युटरमध्ये नेण्याआधी ताई एक हजेरी घ्यायच्या, वगळलेल्यांची. काकांना आत बोलवायचं, चहा मागवायचा आणि एकेक नाव मोठ्याने वाचायचं.

"कशाला वेळ घालवायचा?" वावटळ म्हणाला.

"अरे, जे पुढे गेले ते रोज दिसतीलच. मागे राहिले ते कुणाला दिसणार?"

ताई वाचू लागल्या. "चष्मा टोपीवाले. गडबड गुंडाळे. उगीच कशालातरी." काकांना हसून हसून चहाचा ठसका लागला. मग ताईंनी एक साधंसुधं नाव वाचलं, आणि काकांनी कप खाली ठेवला.

"थांबा, परत वाचा. अहो, ही खोटी नाही! ही आपली गोधडीवाली आजी! तिचा नंबर आलाय हो!"

वावटळीचा चेहरा खर्रकन उतरला. "पण तारीख तर..."

"ती मी टाकलीय. तिच्या आईने कुठे लिहून ठेवली होती?"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं," ताई म्हणाल्या. रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस इथे. खरा माणूस कसा ओळखशील, सांग बघू."

तो आजींची ओळ पुन्हा वाचू लागला. मग हळूच म्हणाला, "खोटा पेशंट कधी तपासून घ्यायला येत नाही."

त्याने स्वतःच आपली ओळ खोडली आणि नवी लिहिली. ज्याची एकदाही तपासणी झाली नाही, त्यालाच वगळ. पुन्हा सगळी फाइल वाचली गेली, पुन्हा आजी आल्या. केवढ्या त्या तपासण्या! मी म्हणालो, "घे!" एवढ्या आनंदाने मी आजवर कुणाला आत सोडलं नव्हतं.

आता माझं काम संपलंय. मी एका बंद फोल्डरमध्ये पडून असतो. कुणी विचारत नाही, आणि कधीतरी वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मित्रांनो, तुमच्यावरही कधी कुणाला वगळायची वेळ येईल. खेळातून म्हणा, यादीतून म्हणा. तेव्हा ते नाव एकदा मोठ्याने वाचा, आणि त्याला ओळखणारं कुणीतरी जवळ बसवून घ्या.

परवा सकाळी नव्या कॉम्प्युटरवर बघून नर्सने बाहेर ऑपरेशनसाठी नाव पुकारलं. ते आजींचं होतं.

"आले गं, आले," आजी म्हणाल्या. "दार धरून ठेव जरा."

आणि नर्स दार धरून उभी राहिली.