चालतंय ना सगळं?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला तहान लागली आहे. तुम्ही फ्रीजपाशी जाता, पण दार उघडण्याआधी पायांत रबरी चपला घालता. कारण अनवाणी पायांनी त्या दाराला हात लावला, तर बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. आता डोळे उघडा. अशा एका घरात मी राहत होतो.

मी एक जुना, लाकडी, विजेच्या बटणांचा बोर्ड आहे. आता माळ्यावरच्या खोक्यात गंजक्या बिजागऱ्यांच्या शेजारी पडून असतो. खरं सांगू? पडून राहण्यात एवढं सुख असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. एका बाईंनी मला पॉलिश पेपरने घासघासून गुळगुळीत केलं. दोन काळी बटणं बसवली, प्लगसाठी दोन भोकं ठेवली. भिंतीवर चढलो, तेव्हा माझ्या जिवावर एक दिवा आणि एक रेडिओ एवढाच संसार होता. बटण दाबलं की मी ‘टक’ असा आवाज करायचो. पहिले भाडेकरू तर पाहुण्यांना मुद्दाम दिवा लावून दाखवत. त्या काळी माझा केवढा रुबाब!

मग भाडेकरू बदलत गेले. कुणी इस्त्री आणली, कुणी मिक्सर, कुणी फ्रीज. सगळ्यांची नाळ माझ्याच दोन भोकांना. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात; इथे अंथरूण माझं एकट्याचं आणि पाय साऱ्या घराचे! माझं अंग तापू लागलं, कड काळवंडली. तरी मला कुणी बदललं नाही. भिंत मालकांची आणि फ्रीज भाडेकरूंचा, मी कुणाचा?

शेवटचं बिऱ्हाड तिघांचं होतं. कपडे शिवणारी आई, तिचे म्हातारे वडील आणि मुलगी. मुलीचे पाय घरात ठरत नसत, म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. फ्रीजपुढे चपला ठेवण्याची रीत त्यांच्याच घरची. आजोबा म्हणत, “लोक दारात चपला काढतात, आपण फ्रीजच्या दारात घालतो!” सगळे हसत. मला मात्र हसू येत नसे. चपला म्हणजे काही उपाय नव्हे, मित्रांनो. ते भीतीवर घातलेलं पांघरूण होतं.

एकदा वायरमन आला. त्याने मला उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “ताई, याला तिसरं भोकच नाही. घराला अर्थिंग नाही. वीज वाट चुकली, की तिला जमिनीत नेऊन सोडणारी तार लागते. ती तार नसेल, तर वीज माणसातून वाट काढते. नवीन वायर ओढायला हवी. मालकांना सांगा.”

मालक खालच्या मजल्यावर राहत. सगळे त्यांना काका म्हणत. माणूस वाईट नव्हता. येताजाता दारात थांबून आपुलकीने विचारायचे, “चालतंय ना सगळं?” आणि उत्तर येईपर्यंत निम्मा जिना उतरलेले असायचे.

आई शिवता शिवता वाक्य घोकायची, ‘काका, तेवढं वायरिंगचं बघता का?’ पण ते दारात आले, की तिच्या तोंडून निघायचं, “हो, चालतंय तसं.” त्या ‘तसं’मध्ये काय काय दडलेलं असायचं, ते काकांच्या कानांपर्यंत पोचतच नसे. तिलाही भीती होती. आधीच्या बिऱ्हाडाने तक्रार केली, तेव्हा काका गोड आवाजात म्हणाले होते, “नाही पटत तर दुसरीकडे बघा हो.” भिंगरीची शाळा इथून दोन गल्ल्यांवर होती. हे घर सोडून आई जाणार कुठे?

हल्ली आजोबा विसरू लागले होते. एका सकाळी ते तसेच अनवाणी, ओल्या हातांनी फ्रीजपाशी गेले. माझ्या तारांमधून वीज धावत होती आणि मला ती अडवता येत नव्हती. त्यांचा हात झटकला गेला, दुधाचं पातेलं खाली आलं.

“काय झालं, आजोबा?”

“काही नाही गं. मुंगी चावली.”

“फ्रीजमध्ये मुंगी?”

“थंडीला आलेली असेल,” आजोबा हसले. पण दुसऱ्या हाताने ते बोटं चोळत राहिले. भिंगरी ते हातच बघत राहिली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आम्ही तापतो, करपतो, ठिणगी टाकतो; तीच आमची भाषा. ती ऐका. आणि ज्या मोठ्यांच्या हाती दुरुस्ती आहे, त्यांना ती स्पष्ट शब्दांत सांगा. ‘चालतंय तसं’ म्हणू नका.

त्याच दुपारी काका गच्चीवरची टाकी बघून घामाघूम होऊन दारात आले. “काय, चालतंय ना सगळं?”

“काका, ते फ्रीजचं जरा...” आई अडखळली.

“का, चालत नाही?”

“नाही, म्हणजे... चालतो तसा.”

“मग झालं तर! जरा गार पाणी मिळेल का?”

भिंगरी पुढे झाली. तिने फ्रीजपुढच्या चपला पायांत घातल्या.

“घरात चपला गं?” काका म्हणाले.

“फ्रीजच्या आहेत.”

“अरे वा! फ्रीजला पाय फुटले की काय?”

“नाही, काका. आजोबांना मुंगी चावते. चपला घातल्या, की चावत नाही. पण आजोबा विसरतात.”

काकांचं हसू ओठांवरच थांबलं. भिंगरीने हात फ्रॉकला कोरडे पुसले आणि माझं बटण बंद केलं. ‘टक.’ फ्रीज थरथरला आणि गप्प झाला. किती वर्षांनी माझ्या अंगातली धग उतरू लागली!

“अगं, बंद का केलास?”

“आता नाही चालत,” ती म्हणाली.

आईने डोळे मिटून घेतले होते. भिंगरीने चपला काढल्या आणि काकांच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या. मग पिंपातून पेलाभर कोमट पाणी घेतलं, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं,

“गार नाहीये, काका. चालेल ना?”